विजेत्याच्या नावापुढचा रकाना

मामांनी नोकरीभर सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलं. निवृत्तीनंतरही लाल पेन्सिल हातातून सुटलेली नाही. आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीच्या विजेत्यांची यादी मी त्यांना वाचायला दिली होती. ती परत मिळाली तेव्हा कागदाच्या उजव्या कडेला पट्टीने रेघ मारून त्यांनी एक नवा रकाना आखला होता. मथळा : ‘पुढे काय झालं?’ आणि खाली बारीक, गोल अक्षरात नोंदी. २००८, मुंबई एफसी : बंद. २०१०, ओएनजीसी : वर गेला, खाली आला, परत गेला, बाहेर काढला. २०१२, युनायटेड सिक्कीम : एका हंगामात खाली. २०१३, रंगदाजिद युनायटेड : एका हंगामात बाहेर. २०१४, रॉयल वाहिंगदोह : माघार.

“याला तू इतिहास म्हणतेस?” मामांनी विचारलं. “विजेत्याचं नाव लिहायचं आणि कागद मिटायचा? पुढचा रकाना भरल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.”

वाचकांपैकी अनेकांनी ही स्पर्धा पाहिली नसेल, म्हणून थोडं सांगते. नॅशनल फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली आणि लवकरच तिला दुसरी श्रेणी जोडली गेली. २००७ मध्ये तिचीच आय-लीग झाली आणि २००८ पासून आय-लीगची दुसरी श्रेणी खेळवली जाऊ लागली. ती जिंकणाऱ्याला वरच्या श्रेणीत जागा. २०२२-२३ पासून उतरंड बदलली. इंडियन सुपर लीग अव्वल ठरली, आय-लीग दुसऱ्या पायरीवर आली आणि जुनी दुसरी श्रेणी तिसऱ्या. मामा आणि मी भांडत होतो ते मुख्यतः २००८ नंतरच्या यादीवरून.

मामा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. शाहू स्टेडियममध्ये पेठेचा सामना असला की घरातलं कार्यसुद्धा पुढे ढकलणारी ही माणसं. त्यामुळे फुटबॉलचं प्रेम त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांचा राग आहे तो वर चढवून वाऱ्यावर सोडण्याचा.

“पहिली ओळच बघ,” ते म्हणाले. “मुंबई एफसी. २००७ ला क्लब निघाला, २००८ ला दुसरी श्रेणी जिंकली, वर गेला. कूपरेजचं मैदान, मुंबईची पोरं. किती वर्षं टिकला? २०१६-१७ च्या हंगामात शेवटच्या क्रमांकावर गेला, आणि संपलं. मुंबईसारख्या शहरात.”

“पण मामा, नऊ वर्षं तो वरच्या श्रेणीत होता. त्या शेवटच्या हंगामापर्यंत एकदाही कोणी त्याला खाली उतरवू शकलं नाही.”

“आणि एकदा उतरला तर परत चढायची उमेद कोणात नव्हती. माझा आक्षेप तिथंच आहे गं. खाली उतरणं हा खेळाचाच भाग. उतरल्यावर क्लबच मिटवून टाकायचा असेल, तर तो क्लब मुळात कोणाचा होता?”

हा प्रश्न त्यांनी एका क्लबपुरता विचारला, पण तो सगळ्या यादीला लागू होतो. ओएनजीसी हा मुंबईतला कचेरीचा संघ. २०१० ला दुसरी श्रेणी जिंकून वर गेला, लगेच उतरला, पुन्हा चढला आणि २०१३ मध्ये एअर इंडियाबरोबर क्लब परवान्याच्या निकषांत न बसल्यामुळे बाहेर गेला. युनायटेड सिक्कीमच्या मागे बायचुंग भुतियासारखा माणूस होता, तरी वर गेल्यावर पहिल्याच हंगामात तळ गाठला. शिलाँगचा रंगदाजिदही एक हंगाम खेळून परवान्यापायीच गेला. आणि रॉयल वाहिंगदोह, तोही शिलाँगचाच. २०१४ ला खालची श्रेणी जिंकली, २०१४-१५ ला वरच्या श्रेणीत थेट तिसरा क्रमांक. प्रशिक्षक मुंबईचे संतोष कश्यप. जॅकीचंद सिंग त्या संघात खेळता खेळता भारताच्या संघात पोचला. आणि तो हंगाम संपल्यावर मालकांनी माघार घेतली. देशात तिसरा आलेला संघ पुढच्या वर्षी लीगमध्ये नव्हता.

मामांच्या रकान्यातली ‘माघार’ ही नोंद वाचताना मलाही घशाशी आलं. पण त्यांचा निष्कर्ष मला मान्य नव्हता.

“हाच रकाना वरच्या यादीला आखा,” मी म्हटलं. “पहिली नॅशनल लीग कोणी जिंकली? पंजाबच्या जेसीटीने. २०११ मध्ये तो संघ बंद झाला. २००५-०६ कोणी जिंकली? मुंबईच्या महिंद्र युनायटेडने. २०१० ला बंद. पुणे एफसी २०१२-१३ ला देशात दुसरा आला, २०१५ ला बंद. रोग लहान श्रेणीचा नाही, मामा. मालकाचं मन फिरलं की क्लब संपतो, मग तो पहिल्या श्रेणीचा विजेता असो की दुसऱ्या. तुम्ही खालच्या यादीला दोष देता, कारण तिच्याकडे नीट बघण्याची तसदी कोणी घेतली नाही.”

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पुण्याचं तू काढलंस म्हणून बोलतो. बालेवाडीत किती क्लब येऊन गेले? पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी. यातला एक तरी आज आहे?”

नाही. भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. आणि या चौघांपैकी फक्त पुणे एफसी मैदानावर खेळून, दुसऱ्या श्रेणीतून वर आला होता. भारत एफसी आणि डीएसके शिवाजियन्स यांना आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला होता, आणि पुणे सिटी तर सुपर लीगचाच संघ. टिकायचं म्हटलं तर पैसे मोजून आलेलेही टिकले नाहीत. मग निदान जिंकून आलेल्याला त्याची जागा द्यावी, एवढं तरी मामांनी मान्य करायला हवं होतं.

“बंगळुरू एफसी?” त्यांनी उलट विचारलं. “तोही २०१३ ला थेटच आला ना? पहिल्याच वर्षी आय-लीग जिंकली. २०१६ ला एएफसी कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. आधी पाच वर्षं खाली झिजला असता तर कोणाचं भलं झालं असतं? पैसा, प्रशिक्षक, मैदान, समर्थक, सगळं जुळवून मग उतरले. मला अशी माणसं आवडतात.”

बंगळुरूचं उदाहरण खरंच भक्कम आहे. ते बाजूला सारून पुढे जाणं मला जमलं नाही. त्या क्लबने पहिल्या दिवसापासून जे केलं, ते जुन्या क्लबांनी दशकांत केलं नव्हतं. पण थेट प्रवेशाची किंमत कोणीतरी दुसरा मोजतो, आणि ती २०१६ मध्ये मोजली ऐझॉलने. म्हणून मी मामांना तो हंगाम सविस्तर सांगितला.

ऐझॉल एफसी २०१५ ला दुसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन आय-लीगमध्ये आला. २०१५-१६ ला लीगमध्ये नऊ संघ होते. ऐझॉल आठवा आला, नववा डीएसके शिवाजियन्स. पण थेट प्रवेशाच्या अटींमुळे शिवाजियन्सना खाली उतरवता येत नव्हतं. म्हणून शेवटून दुसरा आलेला संघ रेलिगेट झाला आणि शेवटचा राहिला. त्याच सुमारास हा रेलिगेट झालेला ऐझॉल फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात पोचला. मोहन बागानने तो ५-० असा जिंकला, पण तिथवर पोचलेल्या संघाला आपण खालच्या श्रेणीत ढकलत होतो.

“मग परत कसा आला?” मामांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडून वदवून घ्यायचं होतं.

“गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून.”

“हां. म्हणजे नशिबानं.”

२०१६ मध्ये साळगांवकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिन्ही क्लबांनी आय-लीग सोडली. महासंघाने पुढच्या रचनेचा जो आराखडा मांडला होता त्यात सुपर लीग वर आणि हे जुने क्लब खाली जाणार होते, आणि वरचं दार त्यांना बंद राहणार होतं. यात धेंपोची गोष्ट सर्वांत बोचणारी. नॅशनल लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचा विजेता झालेला हा क्लब. २०१४-१५ ला खाली घसरला. तक्रार न करता दुसऱ्या श्रेणीत उतरला, २०१५-१६ ला ती जिंकला, वर जाण्याचा हक्क मिळवला, आणि वर जाण्याआधीच लीग सोडली. मामांच्या कागदावर त्या ओळीपुढे त्यांनी काही लिहिलंच नव्हतं, नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

साळगांवकरचंही सांगायला हवं. २००७-०८ ला तो खाली उतरला, २००९ ला दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि २०१०-११ ची आय-लीग त्याने जिंकली. गोव्याने खालच्या श्रेणीत जाण्यात कमीपणा मानला नव्हता. त्यांना परतीची वाट दिसत होती तोवर ते खेळत राहिले. वाट बुजणार असं दिसल्यावर थांबले.

“आता पुढं सांग,” मामा म्हणाले.

पुढचं त्यांनाही ऐकायला आवडतं. रिकाम्या जागा भरायच्या म्हणून ऐझॉलला परत घेतलं. प्रशिक्षक म्हणून आले खालिद जमील. मुंबई एफसीत खेळलेले आणि २००९ पासून सात वर्षं तो संघ वरच्या श्रेणीत टिकवून धरलेले. त्यांना मुंबईने निरोप दिला होता. त्यांच्याबरोबर मुंबई एफसीतले जयेश राणे आणि आशुतोष मेहता ऐझॉलला गेले. गोलरक्षक गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जरियान. बाकी मिझोरमची पोरं, जी लहानपणापासून डोंगरउतारावरच्या मैदानांवर एकमेकांविरुद्ध खेळत आलेली.

२२ एप्रिल २०१७ ला ऐझॉलमध्ये मोहन बागान आला. उत्तरार्धात कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर झोहमिंगलियाना राल्तेने डोक्याने गोल केला, १-० ने सामना जिंकला, आणि शेवटच्या दिवशी फक्त एक गुण हवा राहिला. तो सामना ३० एप्रिलला शिलाँगला, लाजाँगविरुद्ध. मिझोरमहून रस्त्याने आलेल्या समर्थकांनी एक बाजू लाल केली होती. नवव्या मिनिटाला दिपांडाने लाजाँगसाठी गोल केला. तिकडे कोलकात्यात बागान आपला सामना जिंकण्याच्या मार्गावर. हे असंच संपलं असतं तर करंडक कोलकात्याला गेला असता. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. उरलेला वेळ ऐझॉलने कसा काढला ते ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. सामना १-१. ऐझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्येतला क्लब पहिल्यांदाच देशाचा विजेता झाला. आणि त्याच तक्त्यात सर्वांत खाली होता मुंबई एफसी, ज्यांनी खालिदना वर्षभरापूर्वीच जाऊ दिलं होतं.

दुसऱ्या श्रेणीच्या विजेत्यांच्या यादीतलं २००८ चं नाव आणि २०१५ चं नाव, दोघंही त्या एका तक्त्याच्या दोन टोकांना होते. मला या यादीत जीव वाटतो तो अशा जागी.

“आणि हे एकदाच झालेलं नाही,” मी मामांना सांगितलं. “मिनर्व्हा २०१५-१६ ला दुसऱ्या श्रेणीत धेंपोच्या मागे दुसरा. २०१७-१८ ला आय-लीगचा विजेता. इंफाळचा नेरोका २०१६-१७ ला दुसऱ्या श्रेणीचा विजेता, आणि पुढच्याच वर्षी आय-लीगमध्ये मिनर्व्हाच्या मागे दुसरा. रिअल कश्मीरने २०१८ च्या मे महिन्यात बेंगळुरूत हिंदुस्तान एफसीला ३-२ हरवून दुसरी श्रेणी जिंकली. तिथून वर जाणारा तो काश्मीरचा पहिला क्लब. पुढच्या हंगामात देशात तिसरा. हा क्लब कधी निघाला होता? २०१६ ला. २०१४ च्या पुरानंतर श्रीनगरमधल्या पोरांना फुटबॉल वाटण्यापासून त्याची सुरुवात झाली होती. एखादी समिती नकाशा समोर ठेवून बसली असती तर तिने ऐझॉल, इंफाळ, श्रीनगर निवडले असते? या गावांना कोणी निवडलं नाही. ती जिंकून आली.”

मामांनी हे सगळं मन लावून ऐकलं. त्यांना दाद द्यायची असते तेव्हा ते पुढचा प्रश्न विचारतात.

“ऐझॉल जिंकला त्याआधी मिझोरममध्ये काय होतं?”

मिझोरम प्रीमियर लीग होती. २०१२ ला सुरू झालेली. राज्याच्या फुटबॉल संघटनेने स्थानिक केबल वाहिनीला हाताशी धरलं, सामने घरोघरी दिसू लागले, प्रायोजक आले, खेळाडूला गावातच मानधन मिळू लागलं. २०१४ ला मिझोरमने संतोष ट्रॉफी जिंकली. २०१५ ला ऐझॉलने दुसरी श्रेणी जिंकली. २०१७ ला आय-लीग.

“म्हणजे आधी जमीन, मग जिना,” मामा म्हणाले. “हेच तर मी मघापासून सांगतोय. तुझ्या यादीतले जे टिकले त्यांच्या पायाखाली गाव होतं. जे गेले ते कोणाच्या तरी खिशावर उभे होते. कुस्तीत काय होतं बघ. पोरगं मोठं मैदान मारतं, त्या दिवसापासून त्याचा खुराक वाढवावा लागतो. दूध, बदाम, मालिशवाला, सगळं दुप्पट. आपल्याकडं मैदान मारलं की फेटा बांधायचा आणि खुराकाचं तुझं तू बघ म्हणायचं. ही दुसरी श्रेणी म्हणजे तसा फेटा आहे.”

हे मला पटलं, आणि इथेच आमचा वाद पालटला. जागा जिंकून मिळावी की न मिळावी हा प्रश्न मागे पडला. जिंकल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचं काय, यावर आम्ही आलो. वर गेलेल्या संघाचा खर्च एका उन्हाळ्यात कितीतरी पटीने वाढतो. देशभर विमानाने फिरायचं, परदेशी खेळाडू, वयोगटांचे संघ, प्रकाशझोतांचं मैदान, परवान्याचे कागद. खालच्या श्रेणीत हे काही लागत नाही आणि उत्पन्नही नसतं. करोनाच्या काळात तर ती श्रेणीच आखडली. २०२० मध्ये पात्रता स्पर्धा पश्चिम बंगालमध्ये झाली आणि मोहमेडन स्पोर्टिंग वर गेला, २०२१ मध्ये बेंगळुरूत झाली आणि राजस्थान युनायटेड वर गेला. मोजके सामने, एकच राज्य. राजस्थानने तर घरच्या प्रेक्षकांसमोर एकही सामना न खेळता राष्ट्रीय लीग गाठली. त्या महामारीत दुसरा मार्ग नव्हता हे खरं, पण घरच्या मैदानाची, घरच्या तिकीटविक्रीची सवय नसलेला संघ वर पाठवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय करणंच.

“कोल्हापूरचा संघ या यादीत का नाही?” मी विचारलं. हा प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवला होता.

२०११ च्या जनगणनेत मिझोरमची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत भरते. कोल्हापूर जिल्ह्याची अडतीस लाखांवर. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्या भरतात, तशी गर्दी दुसऱ्या श्रेणीच्या बऱ्याच विजेत्यांनी घरी पाहिलेली नाही. सतरा वर्षांखालच्या २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. जमीन आहे, माणसं आहेत, पोरं आहेत. राष्ट्रीय लीगच्या विजेत्यांच्या यादीत मात्र महाराष्ट्राच्या नावावर फक्त मुंबई.

मामांचा आवाज चढला. “कोणाच्या नावानं जाणार? पेठेच्या? दुसरी पेठ पाठिंबा देईल? शहराच्या नावानं संघ काढला तर पाटाकडीलवाला त्याला आपला म्हणेल? आणि का म्हणावं? आमचा फुटबॉल आम्हाला पुरतो. तुमची राष्ट्रीय लीग आज एक नाव, उद्या दुसरं नाव, परवा कोर्टात. आमची तालीम शंभर वर्षं एकाच नावानं आहे.”

“आणि पेठेतलं पोरगं बावीस वर्षांचं झालं की त्याने काय करायचं?”

यावर त्यांच्याकडे झटकन उत्तर नव्हतं. अनिकेत जाधवला लहान वयातच घर सोडावं लागलं होतं. सगळ्यांना ते जमत नाही. मिझोरमच्या पोराला गावातली लीग होती आणि त्या लीगच्या वर एक जिना होता. कोल्हापूरच्या पोराला गावातली लीग आहे, आणि तिच्या छतावर वर्षानुवर्षं काही नाही. पेठांच्या अभिमानाला मी नावं ठेवत नाही. त्या अभिमानावरच इथला फुटबॉल राजाश्रय गेल्यावरही जगला. पण तो अभिमान पोरांच्या वाटेत आडवा येत असेल तर ते बोललं पाहिजे, आणि माझ्या मामांशी बोलायचं नाही तर कोणाशी?

“संस्था जोडाव्या लागतील,” शेवटी ते म्हणाले. “फेडरेशन करतात तसं. प्रत्येक तालमीचा वाटा, प्रत्येकीची आपली जागा शाबूत, आणि वर एक संघ. अवघड आहे. पण कागदावर बसवता येतं.” त्यांनी हे शब्द काढले याचं मला अप्रूप वाटलं.

मग गाडी आजच्या रचनेवर आली. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये जागा मिळू लागली. आधी पंजाब गेला, पूर्वीचा मिनर्व्हा, ज्याचं मूळ त्या दुसऱ्या श्रेणीतच आहे. २०२३-२४ ला मोहमेडन स्पोर्टिंग. १८९१ ला स्थापन झालेला, १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकलेला हा क्लब २००८ पासून किती वेळा वर-खाली झाला! ६ एप्रिल २०२४ ला शिलाँगमध्ये लाजाँगला २-१ हरवून त्याने आय-लीग जिंकली. पुढच्या वर्षी सुपर लीगमध्ये तो सर्वांत शेवटी राहिला आणि खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या येत राहिल्या.

“रकाना,” मामा म्हणाले.

“रकाना,” मी मान्य केलं. “पण २०२४-२५ च्या शेवटाला सुपर लीगमधून एकही संघ खाली उतरवला गेला नाही, हेही त्याच रकान्यात लिहा. वर जायला दार होतं, खाली यायला नव्हतं. मग तळाच्या संघाने सुधारायचं कशासाठी?”

२०२४-२५ च्या आय-लीगचा विजेता तर मैदानाने ठरवलाच नाही. शेवटच्या दिवशी गोव्याचा चर्चिल ब्रदर्स चाळीस गुणांवर आणि इंटर काशी एकोणचाळीसवर होता. जानेवारीतल्या एका सामन्यात नामधारीने काशीविरुद्ध अपात्र खेळाडू उतरवल्याचा वाद तेव्हा सुटलेला नव्हता. महासंघाच्या अपील समितीने चर्चिलच्या बाजूने कौल दिला, करंडकही त्यांच्या हाती गेला. जुलै २०२५ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेता घोषित केलं. चर्चिलच्या समर्थकांनी ज्या करंडकाभोवती फेर धरला तो त्यांचा नव्हता, आणि काशीच्या पोरांनी जिंकल्याचा आनंद तीन महिन्यांनी, सुटीत, फोनवर ऐकला. दोघांचंही नुकसान झालं. नियम आधी स्पष्ट नसले, निवाडा हंगामाच्या आत झाला नाही, की असं होतं.

मामांनी याला कारकुनी चूक मानलं नाही. “निकाल उशिरा देणं हा फसवणुकीचाच प्रकार आहे,” ते म्हणाले. “मी संस्थेचा अहवाल मार्चनंतर दोन वर्षांनी दिला असता तर मला घरी बसवलं असतं.”

तरी यादी पुढे चालली आहे. दिल्ली एफसी २०२२-२३ ला, स्पोर्टिंग क्लब बेंगळुरू २०२३-२४ ला, डायमंड हार्बर २०२४-२५ ला. डायमंड हार्बर निघाला २०२२ मध्ये. एकाच हंगामात त्याने चौथी आणि तिसरी अशा दोन पायऱ्या चढल्या, आणि २०२५ च्या ड्युरंड कपच्या अंतिम सामन्यात उभा राहिला. खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. इंफाळच्या नेरोका आणि ट्राऊ या दोन जुन्या विजेत्यांना मात्र मणिपूरमधल्या हिंसाचारामुळे घरचं मैदान सोडून खेळावं लागलं आणि २०२३-२४ ला दोघेही उतरले. त्यांच्या पायाखाली गाव होतं, मामा म्हणतात तसं भक्कम गाव होतं, आणि तरीही. या दोन नावांपुढे काय लिहायचं यावर आमचं एकमत झालं नाही. मामांना ‘खाली’ एवढंच लिहायचं होतं, कारण तक्ता तेच सांगतो. मी म्हटलं, कारण लिहा. लेखापरीक्षकाला शेरा लिहिता येतो.

धेंपोच्या ओळीवर मात्र मी त्यांना प्रश्नचिन्ह खोडायला लावलं. लीग सोडल्यानंतर सात-आठ वर्षांनी तो क्लब पुन्हा तळापासून आला. चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत गेला, तिथे २०२३-२४ ला दुसरा आला, आणि २०२४-२५ ला पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. पाच वेळा देश जिंकलेला क्लब, आणि कोणाकडे थेट जागा न मागता रांगेत उभा राहिला.

“ही बंगळुरूपेक्षा मोठी गोष्ट,” मामा म्हणाले.

“लिहून द्या.”

“तेवढं लिहून देतो. पण विजेत्याला पुढच्या वर्षाच्या घरच्या सामन्यांचा खर्च महासंघानं बक्षिसातच द्यावा, हेही लिही. रोख हातात नको, मैदानाच्या भाड्यापोटी, प्रवासापोटी. आणि परवान्याची तपासणी हंगाम सुरू होण्याआधी. जिंकल्यावर नव्हे.”

“आणि सुपर लीगमधला शेवटचा संघ खाली.”

“तो तर पहिला नियम झाला. त्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे,” मामा म्हणाले, आणि पेठांच्या फेडरेशनचं काय, कोणत्या तालमीशी आधी बोलायचं, कोणाला शेवटी, हे सांगू लागले.